शिबिर आलं तेव्हा शोभा उसात होती

मला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला आणि मी त्यातून वाचले. माझी धाकटी जाऊ शोभा, तिलाही तोच झाला. ती गेली. आता गावातल्या बायका मला विचारतात, "सुमनबाई, तुमी कशा वाचल्या?" त्यांना वाटतं, माझ्याकडं काही औषध आहे, एखादा नवस आहे. तसं काही नाही. जे झालं ते सगळ्यांना एकदा नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे, दवाखान्यातलं शास्त्र मला सांगता येणार नाही. अंगावरून गेलं तेवढं सांगते.

आम्ही दोघी

आमचं गाव मंगरूळपीरपासून एसटीनं थोड्याच वेळाच्या अंतरावर आहे. विहिरीच्या पाण्यावर आम्ही भाजीपाला करतो. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मी आणि माझे मालक देवराव सकाळी भाजी घेऊन मंगरूळच्या बाजारात बसतो. मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे.

माझा दीर गजू. त्याच्या वाट्याच्या जमिनीला पाणी नाही. त्यामुळं दिवाळी झाली की तो आणि शोभा टोळीबरोबर पश्चिमेकडं ऊसतोडीला जायचे. आमच्या वस्तीतली बरीच घरं जातात. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण तोडतो, दुसरी मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडी भरते. त्यांची मुलगी निकिता शाळेसाठी माझ्याकडं राहायची.

शोभा लग्न होऊन आली तेव्हा तिला भाजीची जुडीसुद्धा बांधता येत नव्हती. मी दाखवलं. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा वेगानं बांधायला लागली आणि वर मलाच म्हणायची, "बाई, तुमी गिऱ्हाइकाशी बोला, जुड्या मी पाह्यतो." हसायची मोठ्यानं. फोनवर तर ओरडायचीच. ऊस इतक्या लांब, म्हणजे आवाजही तेवढा लागणार, असा तिचा हिशोब. टोळीचा मुकादम चालतो कसा, तंबाखू थुंकतो कसा, याची ती अशी नक्कल करायची की देवरावसुद्धा तोंड फिरवून हसायचे.

शाळेतलं शिबिर

पौषात आमच्या शाळेत तपासणीचं शिबिर आलं. आमच्या गावच्या आशा सेविका रेखाताई दुपारी वावरात आल्या आणि मला बांधावरूनच हाक मारली.

"सुमनबाई, चला बरं. लेडीज डॉक्टर आल्या आहेत."

"मले काय झालं? गुडघा दुखते फक्त."

"गुडघाही दाखवजा. चला."

माझी पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं. मधूनच डाग दिसायचा. मला वाटायचं, जाता जाता पाळी असंच करत असेल. पांढरंही जायचं, त्याला वास यायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटतच नाही आपल्याला.

वर्गात पडदा लावून आत टेबल ठेवलं होतं. बाहेर आम्ही बायका एकमेकींना ढकलत होतो, तोंडाला पदर लावून हसत होतो. आत डॉक्टरबाईंनी औषध लावून बॅटरीनं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग हातमोजे काढत म्हणाल्या, "मावशी, इथं जखमेसारखं दिसतंय. हात लावला की रक्त येतंय. तुम्हाला अकोल्याला जाऊन तुकडा तपासावा लागेल. टाळू नका."

मी बाहेर आले तेव्हा रेखाताई शाळेच्या पायरीवर उभ्या राहून वस्तीकडं पाहत होत्या. ओळीनं कुलपं लागलेली घरं. ओट्यावर म्हातारी माणसं आणि उरलेली लहान पोरं. ज्या बायकांचं वय तपासणीचं, त्यांतल्या अर्ध्या उसात होत्या.

"याइची तपासणी कवा करू मी?" त्या म्हणाल्या. "या येते तवा शिबिर राह्यत नाही, अन् शिबिर येते तवा या राह्यत नाही."

मी तेव्हा नीट ऐकलंही नाही. माझं लक्ष माझ्या पोटाकडं लागलं होतं.

अकोला

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि देवरावांना म्हणाले, "काका, जरा बाहेर या."

मी उठून उभी राहिले. "मले सांगा. आजार माहा आहे."

ते थांबले. मग बसले आणि मला सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी हळू उच्चारला, तरी माझ्या कानात तो एवढा मोठा झाला की पुढची दोन-तीन वाक्यं मला ऐकूच आली नाहीत. मी विचारलं, "वाचीन का मी?"

"लवकर सापडलाय. उपचार पूर्ण केले तर वाचाल. मध्येच सोडू नका."

मी रडले नाही. घरी निकिताला काय सांगायचं, मळ्याला पाणी कोण देईल, हेच डोक्यात फिरत होतं. परतीच्या एसटीत चढलो तेव्हा देवरावांनी खिडकीजवळची जागा मला दिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, खिडकी कायम त्यांची असायची. मी तिथं बसले आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

नागपूर

उपचार नागपूरला झाले. सरकारी योजनेत बसले, त्यामुळं उपचाराच्या खर्चाची चिंता नव्हती. राहायला दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत जागा मिळाली. रोज शेक, म्हणजे मशीनखाली किरणं द्यायची, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध.

पहिल्याच दिवशी पोटावर आणि कंबरेवर शाईच्या रेघा मारल्या. त्या पुसायच्या नाहीत, म्हणून जपून अंघोळ करायची. शेकाच्या आधी पोटभर पाणी पिऊन बसायचं आणि लघवी धरून ठेवायची. बाकावर आम्ही सगळ्या जणी बाटल्या घेऊन रांगेत. एकीचा नंबर लांबला की बाकीच्या तिला गोष्टी सांगून रमवायच्या. मशीनच्या खोलीचं दार जाडजूड. सगळे बाहेर जातात, दार लागतं आणि आपण एकट्या. मला तिथं थडग्यात ठेवल्यासारखं वाटायचं. एक दिवस मशीन चालवणाऱ्या पोराला मी हे सांगून टाकलं. तेव्हापासून तो रोज दार लावायच्या आधी म्हणायचा, "मावशी, मी काचेतून पाहून राह्यलो हं." तेवढ्यानं जीव शांत व्हायचा.

शेवटी आतून, खालून नळी घालून शेक देतात. तो त्रास मला लिहवत नाही. ज्या बाईला तो घ्यायचा आहे तिला एवढंच सांगते, तो संपतो. जुलाब होतात, लघवीला आग होते, अन्न नको वाटतं. नवरा-बायकोच्या नात्यातही फरक पडतो. याबद्दल कुणी बोलत नाही. मी तिथल्या सिस्टरला विचारलं, तेव्हा तिनं दार लावून मला सगळं समजावून सांगितलं. विचारा. लाजून आजार कमी होत नाही.

एका संध्याकाळी शोभाचा फोन आला. नेहमीसारखी ओरडत होती. "बाई, जेवल्या का? पानी पेल्ले का? निकिता तरास देते का?" मी हसून कानापासून फोन लांब धरला. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, तुमाले आदी काय दिसलं होतं? म्हंजे कसं मालूम पडलं?"

मी सांगितलं. डाग, पांढरं जाणं, वास, कंबर दुखणं.

"अस्सं," ती म्हणाली. फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली असेल.

वास

गुढीपाडवा होऊन गेला आणि टोळी परत आली. मी महिन्याआधीच घरी आले होते. अंगात ताकद नव्हती, पण चालत-फिरत होते. शोभा गाडीतून उतरली ती सरळ माझ्याकडं आली, माझे दोन्ही गाल धरले आणि रडायला लागली. "बाई, तुमी किती वाळल्या." वाळली तर ती होती. गालाची हाडं वर आलेली. उन्हानं रापलेल्या कातडीखाली ती पिवळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही लिंबाखाली मेथीच्या जुड्या बांधत बसलो. तिचा हात हळू चालत होता. ती वाकली की थांबायची, ओठ दाबायची, मग पुन्हा वाकायची. वारा फिरला आणि मला तो वास आला. तो वास मी विसरूच शकत नाही. माझ्याच अंगाला तो कितीतरी महिने होता.

मी हातातली जुडी खाली ठेवली. "शोभे, कवापासून जाते तुले?"

"काय?"

"मले नको लपवू. हा वास मले मालूम आहे."

ती मेथीच्या मुळांची माती झटकत राहिली. मग म्हणाली, "मागच्या साली उसातच सुरू झालं. पह्यले पांढरं. मंग रगत. आता तं रोजच जाते."

"अन् काहून नाही सांगतलं?"

"कोनाले सांगू, बाई? मुकादमाले सांगू का, माह्या अंगावरून जाते म्हनून? एक दिवस घरी बसलं का खाडा लागते, पैसे कटते. तिथल्या एका डॉक्टरकडं गेली होती. थो म्हने गरमी आहे, गोया देल्ल्या. दुसऱ्या बाया म्हने, पिशवीच काहाडून टाक, कटकट जाते."

"गजूले?"

"त्याले सांगतलं. थो म्हने, पट्टा पडला का जाऊ." पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद होऊन हंगाम संपला.

मग तिनं कोपीबद्दल सांगितलं. उसाच्या पाचटाची ती झोपडी, त्यात न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचं. कापड धुवायचं आणि कुणाला दिसू नये म्हणून ओलंच लुगड्याखाली वाळत घालायचं. "डोक्यावर मोळी घेतली का खाली भसकन जाये, बाई. मी मनात म्हनो, देवा, कोनी मांगून नको पाहो."

मी तिच्या हातातली मेथी काढून घेतली. पुढची जुडी आमच्यापैकी कुणालाच बांधवली नाही.

तोच दवाखाना

तिला घेऊन मी आणि गजू नागपूरला गेलो. तोच वऱ्हांडा, तोच बाक. ओळखीची सिस्टर मला पाहून हसली, "मावशी, तब्येत छान दिसते." मग तिची नजर माझ्या शेजारी गेली आणि तिचं हसू थांबलं.

ज्या डॉक्टरबाईंनी माझे उपचार केले, त्यांनीच शोभाला तपासलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "एवढे दिवस कुठं होतात तुम्ही?"

"उसात," शोभा म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि तपासण्यांचे कागद भरायला घेतले.

सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी मला आणि गजूला बोलावलं. आजार पिशवीच्या बाहेर पसरला होता. लघवीची वाट दाबली गेली होती, दोन्ही किडन्या सुजल्या होत्या. पाठीतून नळी टाकून लघवी बाहेर काढावी लागणार होती. थोडे शेक देऊन रक्त थांबवू, दुखणं कमी करू, असं त्या म्हणाल्या. बरं होण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

गजूनं माझ्याकडं बोट दाखवलं. "मॅडम, वहिनीले तं तुमीच बरं केलं ना? याच खोलीत. मंग तेच औषध हिले द्या. पूर्न द्या. मी थांबतो इथं, कितीही दिवस थांबतो."

"भाऊ, आता ते औषध पुरं पडत नाही."

"पन आजार तं एकच आहे ना?"

त्यांनी मान हलवली. हो, आजार एकच होता.

बाहेर शोभा बाकावर बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की इथं पाणी प्यावं लागतं. मी जवळ बसले. ती म्हणाली, "बाई, तुमाले पन असंच सांगतलं होतं का यायनं? पह्यल्या दिवशी?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

गावातलं बोलणं

आम्ही घरी आलो त्याच्या आधीच गावात बोलणं पोचलं होतं. मोठीच्या अंगावरचं धाकटीला लागलं. एका विहिरीचं पाणी, एक न्हाणी, म्हणून झालं. बाजारात ओळखीच्या दोन बायकांनी माझ्याकडची भाजी घेणं सोडलं. नमस्कार करायच्या आणि पुढच्या पालाकडं जायच्या. हा आजार असा जेवणातून, कपड्यातून लागत नाही, हे मी किती जणींना सांगणार होते?

घरातही ताण होता. गजू एक दिवस माझ्यावर ओरडला, "तुमचं झालं बरं. तुमाले काय!" देवराव उठले, त्याच्या अंगावर जायला निघाले. मी मध्ये पडले. तो रागानं बोलत नव्हता. त्याला कुणालातरी काहीतरी म्हणायचं होतं आणि समोर मी होते. उपचारात विरळ झालेले माझ्या डोक्यावरचे केस तेव्हा पुन्हा दाट व्हायला लागले होते. शोभासमोर जाताना मी पदर पुढं ओढून घ्यायची.

एकदा शेजारची म्हातारी शोभाला पाहायला आली आणि माझ्यादेखत म्हणाली, "मोठीनं देल्लं ओ लेकराले."

शोभाला तेव्हा नीट बसताही येत नव्हतं. तरी कोपरावर उठली. "बाईनं नाही देल्लं मले," ती म्हणाली, "बाईनंच ओळखलं. तुमी घरी जा आजी." म्हातारी गेली. शोभा परत आडवी झाली आणि मला म्हणाली, "चा करा ना, साखर जास्त घाला."

श्रावणापर्यंत

तिची बाज ओसरीत टाकली होती. पाठीतल्या नळीची पिशवी बाजेला बांधलेली. नळी कशी धुवायची, पट्टी कशी बदलायची, हे मी नागपूरला शिकून आले होते. निकिता शाळेतून आली की आईचे केस विंचरायची. केस विंचरताना दोघी शाळेतल्या बाईंबद्दल, मैत्रिणींबद्दल बोलायच्या. मी आत भाकरी करता करता ऐकायची. कधी कधी शोभा हसायची, मग कळ यायची आणि हसणं अर्ध्यात तुटायचं.

शेवटी शेवटी तिला ज्या गोळ्यांनी आराम पडायचा, त्या साध्या मेडिकलवर मिळत नाहीत. नागपूरहूनच आणाव्या लागत. देवराव जायचे. एकदा ते तिकडंच अडकले आणि इकडं गोळ्या संपल्या. तो एक दिवस शोभानं कसा काढला, ते मी पाहिलंय. पदराचा बोळा दातांत धरून ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, निकिताला दिसू नये म्हणून. कॅन्सरनं माणूस जातं हे मला मान्य आहे. पण गोळी लांब आहे म्हणून एवढं दुखावं, हे मला अजून मान्य होत नाही.

एक दिवस ती म्हणाली, "मले मळ्यात घेऊन चला." गजूनं आणि देवरावांनी बाजेसकट उचलून तिला विहिरीजवळ नेलं. सांबार चांगला वर आला होता. तिनं हात खाली सोडून पानं चुरगळली आणि हात नाकाशी धरला. पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला.

श्रावणात एका सकाळी ती गेली. मी तिला चमच्यानं चहा पाजत होते. दोन चमचे घेतले, तिसरा ओठांतून बाहेर आला. मी पदरानं पुसला आणि मग मला समजलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नागपूरला माझी तपासणी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं चांगलं आहे. मी हात जोडले, बाहेर आले आणि एसटी धरली. घरी मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला आनंदाची गोष्ट होती, पण त्या घरात ती कुठं ठेवायची हे मला कळेना. आजही रिपोर्ट चांगला येतो तेव्हा पहिला विचार तिचाच येतो. वाचलेल्या माणसाला हेही सोसावं लागतं. कुणाला तसं वाटत असेल तर तिनं स्वतःला वेडी समजू नये.

गाड्या भरायच्या आधी

दसरा जवळ आला आणि टोळी जमवायला मुकादम वस्तीत फिरायला लागला. मी रेखाताईंकडं गेले. म्हटलं, शिबिर पौषात कायले? टोळीच्या गाड्या भरायच्या आदी घ्या. त्यांच्याही मनात तेच होतं. दोघी मिळून आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटलो. ते तयार झाले. राहिला मुकादम. त्यानं गाड्या निघायच्या दोन दिवस आधी बायकांना पाठवलं नसतं तर कुणी आलं नसतं, त्या वेळी सगळ्या घरांत बांधाबांध चालू असते.

"बाई, मले गाड्या भरा लागते," तो म्हणाला. "मी का तपासन्या करत बसू? अन् एखादीले काही निंगालं तं कोयता मोडते माहा."

"शोभा तुह्याच टोळीत होती," मी म्हटलं.

तो तंबाखू मळत होता. मळत राहिला.

"तुह्यासमोर मोळ्या उचलत होती. तुले मालूम नव्हतं, हे मले मालूम आहे. पन आता तं मालूम आहे ना?"

"कोन्त्या दिवशी पाठवू?" त्यानं विचारलं. माझ्याकडं न पाहता.

बायका आल्या. सगळ्या नाही आल्या. काही जणी शाळेपर्यंत येऊन परत गेल्या. मी पडद्याबाहेर स्टूल टाकून बसले होते. प्रत्येकीला सांगत होते, "दुखत नाही. थंड लागते जरासं. मी बाहेरच आहे." एकीनं विचारलं, "शोभाले असंच पाह्यलं असतं तं?" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

लक्ष्मी नावाची एक तरणी पोरगी, दोन लेकरांची आई. तिच्या पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग सापडला. शिबिरातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, पण ठेवला तर पुढं होऊ शकतो. वाशीमला नेऊन त्यांनी तो डाग यंत्रानं तिथल्या तिथं जाळून टाकला. संध्याकाळच्या आत ती घरी परत आली. मला पाहून हसली. "एवढ्यासाठी मले भेवाडलं का मोठे बाई? मुंगी चावल्यासारखं झालं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग शाळेच्या मागं जाऊन भिंतीला टेकले आणि शोभा गेली त्या दिवशीही रडले नव्हते एवढी रडले.

गाडी

गजूपुढं प्रश्न होता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळीला अर्धा कोयता नको असतो. तो म्हणाला, निकिताला नेतो, मोळ्या बांधील, दोन भाकरी टाकील. निकिताचं दहावीचं वर्ष.

"नाही नेणार तू तिले," मी म्हटलं.

"माही पोरगी आहे, वहिनी."

"हाव, तुही आहे. पन थ्या उसात मी नाही जाऊ देत. तुले मारायचं असन तं मार मले."

तो खाली बसला. दोन्ही हातांत डोकं धरलं. "मले एकटं जमत नाही, वहिनी," तो म्हणाला. "तिचं कोपीतलं सामान घरी तसंच बांधून आहे." मी त्याच्या जवळ बसले. शेवटी तो त्याच्यासारख्याच दुसऱ्या एकट्या माणसाशी जोडी लावून गेला. निकिता राहिली.

गाडी निघाली तेव्हा मी आणि निकिता रस्त्यावर उभ्या होतो. सामानावर बायका बसलेल्या, मांडीवर लेकरं. लक्ष्मीनं आम्हाला पाहून हात हलवला आणि काहीतरी ओरडली, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. गजूनं मागं पाहिलं नाही.

निकिता गाडीकडं पाहत म्हणाली, "मोठे आई, एक इचारू? माह्या आईची तपासनी लक्ष्मीकाकूसारखी आदीच झाली असती, तं थे राह्यली असती का?"

आईविना पोरीला काय सांगावं? देवाची इच्छा म्हणावं, नशीब म्हणावं. सगळे तेच सांगत होते तिला. माझ्या तोंडातून ते निघालं नाही.

"हाव," मी म्हटलं. "राह्यली असती."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मंग कोनं काहून नाही केली?"

गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली. रस्त्यावर धूळ तेवढी राहिली. निकिता तशीच उभी होती, माझ्या तोंडाकडं पाहत.